शेहेचाळीस कुत्री, शेहेचाळीस पाखरं

कालमुर्झाच्या घरात शिव्यांना बंदी नव्हती. सरकारला, थंडीला, रस्ता अर्धवट टाकून पळालेल्या कंत्राटदाराला, सगळ्यांना त्या घरात यथेच्छ शिव्या मिळत. बंदी होती ती एकाच शब्दाला. डोंगरावरून उतरून मेंढरं नेणाऱ्या त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. अगदीच वेळ आली तर म्हणायचं इत-कुश, म्हणजे कुत्रं-पाखरू. सारी-कुंगोयच्या अख्ख्या खोऱ्यात असंच म्हणतात. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं, आणि ऐकू गेलं की ते येतं.

हा कायदा चालवायची कालमुर्झाची आई, मामिरकान आपा. वय त्र्याऐंशी, दात चार, आवाज मात्र पलीकडच्या उतारावरचं मेंढरू वळवील असा. तिच्या थोरल्या मुलाने सहा वर्षांचा असताना दारात उभं राहून गंमत म्हणून ते नाव तीनदा ठणकावलं होतं. त्याच आठवड्यात कुंपणाच्या वाडग्यातली एकतीस मेंढरं गेली. थोरला आता शहरात टॅक्सी चालवतो, त्याला ही गोष्ट आठवतसुद्धा नाही. आपा मात्र विसरलेली नाही. कोणाच्या तोंडून चुकून नाव निसटलंच, तर ती लोकर कापायची मोठी कात्री घ्यायची, मिटायची आणि दोरीने करकचून बांधायची. कात्रीचं तोंड बांधलं की त्याचंही बांधलं जातं.

कालमुर्झाचा यावर विश्वास होता का? विचारलं तर हसायचा. दोन वर्षं लष्करात काढलेला, ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडणारा छप्पन्न वर्षांचा माणूस तो, भुताखेतांना भिणारा नव्हे. पण तो शब्द जिभेवर आला की घसा आवळायचा, हेही तितकंच खरं. चाळिशी गाठली तेव्हा त्याने त्या घशाशी भांडण सोडून दिलं.

सत्तावीस वर्षं तो शिकारीच्या रानाचा रखवालदार होता. रान आधी सामुदायिक शेताचं होतं, मग कुणाचंच नव्हतं, मग एका कंपनीने भाड्याने घेतलं. परदेशी पाहुणे यायचे, लांब शिंगांचा एखादा डोंगरबोकड मारून शिंगं घेऊन जायचे. मालक बदलले, टोपीवरचा बिल्ला बदलला, कालमुर्झाचं काम तेच राहिलं. घोड्यावर बसायचं, हिंडायचं, बघायचं आणि बघितलेलं वहीत लिहायचं. लिहायचं पेन्सिलीने, कारण हिवाळ्यात वर पेनातली शाई गोठते.

आणि तो लिहायचा मन लावून. नुसते आकडे नाहीत. पूर्वी उन्हाळ्यात प्रत्येक उतारावर मार्मोट, खारीच्या जातीचे ते लठ्ठ प्राणी, बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्ट्या मारायचे, इतक्या की घोडा बुजायचा. कातड्यांपायी माणसांनी ते संपवले. मग खायला मार्मोट उरले नाहीत म्हणून इत-कुश बोकडांवर आलं. बोकडांतले मोठे नर पाहुण्यांनी नेले, उरल्यासुरल्यांना दोन वाईट हिवाळ्यांनी झोडपलं. मग इत-कुश मेंढरांवर आलं. हे सगळं त्याने चार वर्षं, ओळीने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मार्मोट परत आणा, पाच वर्षं मोठे नर मारू नका, बाकीचं आपोआप जाग्यावर येईल, असंही लिहिलं होतं. सारी-कुंगोयच्या डोंगरात काय चाललंय हे जगात एका माणसाला नीट ठाऊक होतं, आणि त्याचं लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं.

जिल्ह्याच्या कचेरीत पूर्वी एक म्हातारी कारकून होती. ती वही वाचायची, इत-कुश दिसलं की खात्याच्या तक्त्यात योग्य त्या रकान्यात आकडा भरायची. ती निवृत्त झाली. तिच्या जागी माणूस नेमला नाही, यंत्र आलं. आता वहीच्या पानांचे फोटो राजधानीत जात. तिथे ते यंत्र कालमुर्झाचं किरगीझ वाचून त्याचं रशियन करी आणि तक्ता आपला आपण भरे. प्रगती झाली, असं सगळ्यांना कळवण्यात आलं होतं.

मार्चच्या शेवटी, ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत, कालमुर्झाच्या हातात कागद आला. तो अंगणात उभा होता, बाह्या कोपरापर्यंत वर, हात कोकराच्या चिकाने बरबटलेले. शेजारचा मेंढपाळ शाम्बेत मदतीला आला होता. शाम्बेत आणि तो एकाच वर्षी जन्मलेले, त्यामुळे एकमेकांची टर उडवण्याचा जन्मसिद्ध हक्क दोघांना होता.

"वाच ना मोठ्याने," शाम्बेत म्हणाला. "पगार वाढवला असेल तर रडू नकोस."

कालमुर्झाने वाचलं. "सारी-कुंगोय शिकारक्षेत्रात चालू वर्षात शेहेचाळीस भटकी कुत्री आढळली असून वन्यप्राण्यांच्या घटत्या संख्येस ती कारणीभूत आहेत. रखवालदाराने दहा एप्रिलपूर्वी सर्व कुत्री नष्ट करून त्यांच्या शेपट्या कार्यालयात जमा कराव्यात. तसेच आढळलेल्या शेहेचाळीस पाखरांची जात कळवावी."

शाम्बेत आधी हसला. पोट धरून हसला. मग त्याचं लक्ष वाडग्याच्या दाराशी पसरलेल्या अक्तोशकडे गेलं आणि हसू थांबलं.

"खोऱ्यात कुत्री किती रे?"

"एकोणीस. याला धरून."

"म्हणजे सगळी मारली तरी सत्तावीस शेपट्या कमी. त्या काय साहेबांच्या कापणार?"

"तू आधी गप्प बस."

"बसतो. पण पाखरांची जात काय लिहिणार ते सांग."

"'शाम्बेत' असं लिहितो."

अक्तोश म्हणजे पांढऱ्या छातीचा. बाकी अंग खडकासारखं राखाडी, छातीवर तेवढा तळहाताएवढा पांढरा डाग. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचे कापतात तसे लहानपणीच कान कापलेले, म्हणजे भांडणात कुणाच्या दातात सापडायला नकोत. वय सहा. मागच्या जानेवारीत पाच इत-कुश वाडग्यावर आले तेव्हा याने एकट्याने दार अडवलं होतं. खांदा फाटून लोंबत होता. कालमुर्झाने खोगीर शिवायच्या सुईने सोळा टाके घातले, आणि टाके घालून होईपर्यंत ते कुत्रं आपाच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिलं. त्या वाडग्यात आज जिवंत असलेलं प्रत्येक कोकरू त्या कुत्र्याचं देणं लागत होतं. आणि कुत्र्यांना मारायचा हुकूम निघाला होता तो कालमुर्झाच्याच वहीच्या आधाराने, आणि मारायचं होतं ते कालमुर्झाच्याच हातून.

दुसऱ्या दिवशी तो जिल्ह्याच्या गावी गेला. खात्याचा अधिकारी एल्दियार, चौतिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला लोण्यासारखा, वयाने मोठ्या प्रत्येकाला अदबीने बाइके म्हणणारा. टेबलावर विजेची किटली होती.

"या बाइके, बसा. चहा घ्या."

"चहा राहू दे. मी कुत्री कुठे लिहिली?"

"तुम्ही इत-कुश लिहिलंत."

"तुला कळतं ना इत-कुश म्हणजे काय?"

"बाइके, माझी आजी तुमच्या शेजारच्या खोऱ्यातली. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मग?"

"यंत्राला नाही कळत. त्याने कुत्रा वेगळा काढला, पाखरू वेगळं काढलं. आता कागदावर कुत्रा आलाय. कागदावर आलेला कुत्रा मी एकटा कसा हाकलू?"

कालमुर्झाचं डोकं फिरलं. ज्याला कळत नाही त्याचा एवढा राग येत नाही. सगळं कळत असून खुर्चीत बसून चहा ओतणाऱ्याचा येतो.

"आणि शेहेचाळीस कुठले आले?"

"तुमच्याच नोंदींची बेरीज. पाच, चार, पाच, तीन..."

"अरे, तेच पाच जण अकरा वेळा दिसले! कधी पाच दिसले, कधी दोन मागे राहिले. तू रोज सकाळी या दारातून आत येतोस, मग या कचेरीत वर्षाला अडीचशे एल्दियार कामाला असतात का?"

एल्दियार हसला. मनापासून हसला, हीच तर चीड आणणारी गोष्ट. "तुम्ही बरोबर आहात बाइके. पण नाव दुरुस्त करायचं तर रीत आहे. गावात उघडी सभा घ्यायची. तिथल्या एका तरी रहिवाशाने, डोळ्यांनी पाहिलेल्याने, प्राण्याचं खरं नाव घेऊन साक्ष द्यायची. मी नाव सुचवायचं नाही. तुमची साक्ष चालणार नाही, नोंद तुमची आहे."

ते ऐकून कालमुर्झाला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला ते नाव घ्यावं लागणार नाही. आणि तसं वाटल्याची लाज त्याला परतीच्या सगळ्या वाटेवर वाटत राहिली.

सहा एप्रिलला शाळेत सभा भरली. खोऱ्यातली तीसेक माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. अंगाला मेंढरांचा वास, डोळ्यांत झोप, कारण आठ दिवस कुणाला पाठ टेकायला मिळाली नव्हती. एल्दियार फळ्यासमोर खुर्ची टाकून बसला.

"या भागात हिंस्र प्राणी कुणी पाहिला आहे का?"

"पाहिला की," शाम्बेत उठला. "मी पाहिला. सतरा मेंढरं गेलीत माझी."

"कोणता प्राणी?"

"इत-कुश."

"नाव सांगा."

"तेच तर सांगतोय."

"खरं नाव, शाम्बेत बाइके. तक्त्यातलं."

शाम्बेतने टोपी काढली, परत घातली. ज्याची जीभ कुणाच्या लग्नातही आवरत नाही, तो खाली बसला.

मग एकेक जण उठला. एक म्हणाला, "ते." दुसरा म्हणाला, "डोंगरावरचं." तिसऱ्याने दोन बोटं डोक्यावर कानांसारखी धरून दाखवली. मागच्या बाकावरची एक बाई उठून थेट म्हणाली, "माझी सहा कोकरं अजून ओली आहेत. तुमच्या कागदासाठी मी त्यांच्यावर ते ओढवून घेऊ? कोकरं काय तुमच्या साहेबांकडे मागायला येऊ?" आणि बसली.

एल्दियार हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "मला सगळं समजतंय हो. पण बोटं आणि 'ते' मी लिहू शकत नाही." त्याने घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहायला घेतलं. कालमुर्झा पहिल्या बाकावर होता, त्याला अक्षरं दिसत होती. साक्षीदार आढळला नाही, असं तो लिहीत होता. सगळ्या खोलीला माहीत होतं, लिहिणाऱ्याला माहीत होतं, भिंतीवरच्या नकाशालासुद्धा माहीत असावं. तरी एकोणीस कुत्री मरणार होती, कारण यंत्राला आजी नव्हती. कालमुर्झा उठला. बोलायला तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षांचा तो घसा पुन्हा आवळला.

तेवढ्यात मागून दार उघडलं. मामिरकान आपा आत आली. तिला कुणी आणलं नव्हतं. दीड कोस चिखल तुडवत ती काठी टेकत चालत आली होती, आणि दुसऱ्या हातात ती कात्री होती, दोरीने बांधलेली. बाकांमधून वाट काढत ती थेट फळ्यापाशी गेली.

"आधी माझं नाव लिही," ती एल्दियारला म्हणाली. "मामिरकान. वय त्र्याऐंशी. लिहिलंस?"

"लिहिलं, आपा."

"आता पुढचं लिही. लांडगा."

मागच्या बाकावरच्या बाईने रुमालाचं टोक कानात कोंबलं.

"ऐकू आलं? लांडगा. माझ्या वाडग्यातून एकतीस मेंढरं नेली तो लांडगा. तीनदा झालं. माझ्या लेकाने तीनदा म्हटलं होतं, मीही तीनदा म्हटलं. आता यायचं असेल त्याने माझ्याकडे यावं, या लोकांच्या वाटेला जाऊ नये. आणि तुझी आजी जिवंत असती ना, तर तिने तुला याच कात्रीने भादरलं असतं."

एल्दियारने लिहिलं. आपाने अंगठा उठवला. घरी येताना कालमुर्झाने तिला घोड्यावर बसवलं आणि स्वतः लगाम धरून चालला. आईने आपल्यासाठी काय पणाला लावलं हे त्याला कळत होतं, आणि ते आपण लावायला हवं होतं हेही.

पुढचे तीन दिवस आपा वाडग्याच्या दाराशी स्टुलावर बसून राहिली, मांडीवर कात्री, पायाशी अक्तोश. काही आलं नाही. कोकरं उभी राहिली, आचळांना लागली. लोकांनी हळूहळू श्वास सोडला. काय यायचं ते आलं पंधराव्या दिवशी, आणि ते चार पायांवर नाही, टपालाने आलं.

सुधारित नोंद होती ती. एल्दियारने शब्द पाळला होता. कुत्रे या शब्दावर काट मारून लांडगे असं केलं होतं. लांडगे: शेहेचाळीस. कुत्रे: शून्य. पाखरं: शेहेचाळीस, जात अद्याप कळलेली नाही.

"अक्तोश," शाम्बेत कुत्र्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "ऐकलंस का? तू जगात नाहीस. उद्यापासून जेवण मागू नकोस." त्या दिवशी सगळे हसले. कुत्री वाचली होती, हसायला हरकत नव्हती.

हसली नाही ती आपा. तिने कागद दोनदा वाचून घेतला. "मी पाचांचं नाव घेतलं," ती म्हणाली. "उरलेले एक्केचाळीस कुणी बोलावले?"

कालमुर्झाने फोन लावला. "एल्दियार, पाच आहेत रे! पाच!"

"बाइके, साक्षीत संख्या नव्हती. फक्त नाव होतं. नाव मी दुरुस्त केलं."

"मग संख्येसाठी परत सभा घे."

"पुढच्या वर्षीच्या गणनेत बघू."

पुढच्या वर्षापर्यंत थांबायला कंपनी काही दूधखुळी नव्हती. शेहेचाळीस लांडगे म्हटल्यावर तिने चाळीस मारायचा परवाना मागितला आणि आठवड्याच्या आत मिळवला. मार्मोट परत आणा म्हणून चार वर्षं लिहिलेल्या पानांना खात्याने एक ओळ उत्तर दिलं नव्हतं. मारायचं म्हटल्यावर शिक्का आठवड्यात. कंपनीने पाहुण्यांना कळवलं, लांडग्यांनी बुजबुजलेलं खोरं, हमखास शिकार.

मे महिन्यात पहिले तीन पाहुणे आले. त्यांचा व्यवस्थापक मेलिस, काळा चष्मा लावलेला, कंपनीचा माणूस. कालमुर्झाने त्याला स्पष्ट सांगितलं, "पाच आहेत. दोन मारा, तीन राहू द्या. ती राहिली की आजारी बोकड ती उचलतात, रोग पसरत नाही. सगळी मारलीत तर दोन वर्षांत रडाल."

मेलिस म्हणाला, "बाइके, कागदावर शेहेचाळीस आहेत. तुमच्याच आपांनी साक्ष दिली."

पहिल्या चार दिवसांत दोन मारले. एक लंगडणारी म्हातारी मादी, जिला कालमुर्झा नऊ वर्षं ओळखत होता, आणि एक वर्षाचं पोर. उरलेले तिघे शहाणे होते. ते खिंड ओलांडून पलीकडे गेले, कालमुर्झाने बर्फात त्यांचे माग पाहिले. मग पाच दिवस रान रिकामं. पाहुणे दुर्बिणी लावून बसायचे, चिडायचे. हमखास शिकार कुठे आहे, असं मेलिसला रोज संध्याकाळी विचारायचे. त्यांच्या जायला दोन दिवस उरले.

नवव्या दिवशी, टळटळीत दुपारी, कालमुर्झाच्या रेडिओवर मेलिसचा आवाज आला. "बाइके, खालच्या कुरणाकडे या. नोंद करायची आहे. मोठा नर मिळाला."

खालच्या कुरणात मेंढरं होती. शाम्बेतने त्या दिवशी दोघांचा कळप एकत्र चारायला नेला होता. कालमुर्झाने घोडा पळवला. दुरूनच त्याला मेंढरं दिसली, आणि त्याने घोड्याला आणखी टाच मारली. कारण मेंढरं पळाली नव्हती. खाली पडलेल्या त्या राखाडी अंगाभोवती ती उभी होती, काही तर तिथेच चरत होती. रानातल्या कुठल्या जनावराभोवती मेंढरं अशी उभी राहतात का? दोन वर्षांच्या पोरालाही कळेल. त्या माणसांना कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

अक्तोशला त्यांनी पोटावर पालथं ठेवलं होतं, म्हणजे पांढरी छाती फोटोत येऊ नये. पाहुणा मागे गुडघे टेकून बसला होता, बंदूक आडवी धरून, चेहऱ्यावर हसू. कापलेल्या कानांवर त्याचा हातमोजा घातलेला हात. खांद्यावर सोळा टाक्यांचा वळ केसांतून दिसत होता.

शाम्बेत थोडा लांब जमिनीवर बसला होता. "मी ओरडलो रे," तो म्हणाला. "कुत्रा, कुत्रा म्हणून ओरडलो. टोपी हलवली. त्यांना वाटलं, मी दाखवतोय. त्याने मला अंगठा वर करून दाखवला आणि गोळी घातली." तो रडत नव्हता, पण तेच पुन्हा पुन्हा सांगत होता.

मेलिसने कालमुर्झाला बाजूला घेतलं. "चूक झाली. कुत्र्याची भरपाई देऊ, याहून चांगलं पिल्लू आणून देऊ. पण पाहुण्यांचं परवा विमान आहे. तुमच्या नोंदीशिवाय कातडं हद्दीबाहेर जात नाही. एकच शब्द लिहायचा बाइके. तुमच्या आपांनी तर भर सभेत तीनदा म्हटला होता."

कालमुर्झाने त्याच्याकडे पाहिलं. हात उचलावा असं त्याला वाटलं, वाटलं म्हणजे हात उचललाही होता. पण मग त्याने तोच हात पुढे केला. "पेन दे."

"तुमची पेन्सिल आहे की."

"पेन्सिल खोडता येते. पेन दे."

मेलिसने पेन दिलं. कालमुर्झा कळपाच्या मधोमध गेला, अक्तोशला उताणं केलं आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. वही गुडघ्यावर ठेवून त्याने सत्तावीस वर्षांच्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं. कुत्रा. नाव अक्तोश, वय सहा, छाती पांढरी, कान कापलेले, डाव्या खांद्याला सोळा टाके. कंपनीच्या पाहुण्याने मेंढरांच्या मध्ये असताना मारला. संख्या एक.

मेलिसने खांद्यावरून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाइके, हे पाठवलंत तर तुमचा रखवालदारीचा आजचा दिवस शेवटचा."

"चार वर्षांत पहिल्यांदा माझी नोंद कुणीतरी वाचली," कालमुर्झा म्हणाला. टोपीवरचा बिल्ला उपटून त्याने पेनाबरोबर मेलिसच्या हातात ठेवला. मग पानाचा फोटो काढून राजधानीला पाठवला, रोजच्यासारखा. शाम्बेत उठला. दोघांनी मिळून अक्तोशला घोड्यावर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्याच्या मागे, दार दिसेल अशा जागी, कालमुर्झाने खड्डा खणला. आपा कडेला स्टुलावर बसली होती. तिने मांडीवरची कात्री घेतली, गाठ सोडली आणि दोरी खड्ड्यात टाकली.

"आपा, हे काय?"

"ज्याचं तोंड बांधत होते तो कधी नाव विचारायला आला नाही," ती म्हणाली. "हे कागदवाले विचारून विचारून खातात."

अक्तोशला खाली ठेवून कालमुर्झा फावडं उचलतच होता, तेवढ्यात फोन वाजला. एल्दियार होता. आवाज तसाच, लोण्यासारखा.

"बाइके, तुमची कालची नोंद अडकलीये. तुम्ही कुत्रा लिहिलंय. पण सुधारित तक्त्याप्रमाणे सारी-कुंगोयमध्ये कुत्रे शून्य आहेत. यंत्र घेतच नाहीये. मला वर कळवायला लागेल, मग हा कुत्रा आला कुठून?"

कालमुर्झाने फावडं मातीत रोवलं.

"खड्डा अजून बुजवलेला नाही," तो म्हणाला. "ये आणि मोज. एकच आहे. तुलासुद्धा मोजता येईल."